मामांच्या डाव्या बाजूची सीट

सासरी मी पहिल्यांदा आले ती सासऱ्यांनी चालवलेल्या गाडीतून. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. लग्न माझ्या माहेरी, पाटणच्या बाजूला झालं होतं. निघायची वेळ झाली, गाडीला फुलं बांधून झाली, पण ड्रायव्हर कुठे दिसेना. माझे काका त्याला शोधायला निघाले, तेवढ्यात मामांनी डोक्याचा फेटा काढून मागच्या काचेपाशी ठेवला आणि स्वतःच स्टिअरिंगमागे बसले.

"सून आणायला भाड्याचा डायव्हर कशाला पायजे?" ते म्हणाले.

आत्या त्यांच्या शेजारी बसल्या. मागे मी आणि माझा नवरा. मी रडत होते. गाव मागे पडलं आणि पुढच्या सीटवरून आत्यांचा आवाज सुरू झाला. "डावीकडं पोरं हायती. फुडं मोरी. ट्रॅक्टर येतोय, मागं दोन ट्रॉल्या. उजवं वळण, लय आत जातंय." राग नाही, घाई नाही, जात्यावर बसल्यासारखा एकसुरी आवाज. घर येईपर्यंत तो थांबला नाही. माझं रडणं मात्र थांबलं, कारण मी चकित झाले होते. माझ्या वडिलांना गाडी चालवताना कुणी असं शिकवलं असतं तर त्यांनी पहिल्या पुलावर त्याला खाली उतरवलं असतं. आणि इथे तर दोन जिल्ह्यांत मोटारींच्या शर्यती जिंकलेला माणूस बायकोची ही टकळी मुकाट ऐकून घेत होता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला विचारलं तर तो हसला. "आईची सवय आहे ती. अख्ख्या गावाला माहीत आहे. हळूहळू तुझ्याही कानाला सवय होईल."

झाली. गावात तर तो विनोदच होता. मामांची गाडी बाजारातून गेली की पानवाला म्हणायचा, "चालले बघा, गाडी ह्यांची आन् हॉर्न बाईंचा." मामा ऐकून हसायचे. त्यांना त्याचा कधी राग आलेला मी पाहिला नाही.

मामांचं गाव, आता माझंही, सातारा आणि सांगलीच्या मधलं एक तालुक्याचं गाव. घरची उसाची जमीन. मामांचे दोन भाऊ फौजेत गेले, मामांना वडिलांनी शेतीसाठी मागे ठेवलं. पण त्यांचा जीव उसात नव्हता. घरी धड न सांगताच ते पुण्याला एका गॅरेजात काम शिकायला गेले आणि परत येताना एक बंद पडलेली मोटार ट्रकच्या मागे बांधून ओढत घेऊन आले. वडिलांनी दोन दिवस तिच्याकडे आणि मुलाकडे पाहिलं नाही. मामांनी गोठ्याच्या बाजूला ती खोलली, जोडली, चालू केली आणि गावच्या डॉक्टरांना विकली. तोवर आमच्या भागात कुणाला मोटार घ्यायची तर पुणं किंवा कोल्हापूर गाठावं लागायचं आणि समोरचा देईल ती घेऊन यावं लागायचं. मामांनी एसटी स्टँडसमोर पत्र्याची शेड टाकली आणि वर पाटी लावली, 'मोटारी मिळतील'. एवढंच. खाली नाव नाही, गाव नाही.

त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक फौजेतून रिटायर होऊन आलेली माणसं. गावोगावची माणसं भरून नेणाऱ्या जीपला आमच्याकडे वडाप म्हणतात. रिटायर झालं की एक जुनी जीप घ्यायची आणि वडाप सुरू करायचं, असं तेव्हा खूप जणांनी केलं. मामांची अट एकच होती. आधी गाडी चालवून दाखवायची आणि मामांचं समाधान झालं तरच किल्ली मिळायची. रणगाडा चालवलेल्या एका सुभेदारांना त्यांनी आठवडाभर नदीकाठच्या मैदानात फिरवलं होतं. सुभेदार चिडून म्हणाले, "मी सरहद्दीवर गाडी चालवलीया." मामा म्हणाले, "तितं फुडनं शाळेची पोरं येत न्हवती."

शर्यती सुरू झाल्या त्या माण तालुक्यात. उन्हाळ्यात तिथले तलाव पार आटायचे, तळाला भेगा पडायच्या. हौशी लोक त्या कोरड्या तलावात चुन्याची फक्की मारून गोल रस्ता आखायचे आणि त्यावर गाड्या पळवायचे. बांधावर धनगर मेंढरं घेऊन बघत उभे राहायचे. पुण्या-कोल्हापूरचे लोक हेल्मेट, हातमोजे घालून यायचे आणि मामा पायजम्यात. पहिल्याच वर्षी ते जिंकले. पुढे घाटातल्या शर्यती आल्या, त्याही जिंकल्या. शेडमध्ये ऑइलच्या डब्यांशेजारी कपांची रांग लागली. एका मोठ्या कपात ते नटबोल्ट ठेवायचे.

अशा शर्यतीत चालकाच्या शेजारी एक जण बसतो, पुढचं वळण कसं आहे ते सांगायला. सुरुवातीला शेडमधला मिस्त्री बसायचा. मग माझा नवरा शाळेत असतानाच कधीतरी आत्या बसायला लागल्या. काष्ट्याचं लुगडं, डोक्यावरून पदर आणि पदरावर हेल्मेट. तो फोटो पेपरात आला होता. कात्रण शेडमध्ये काच घालून लावलेलं आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी आत्या तो सगळा घाट पायी चढायच्या. लोकांना वाटायचं, बाई नवस फेडायला चालत निघाल्यात.

माझी मुलगी नुकती चालायला लागली होती तेव्हा आत्या गेल्या. आजारपण थोडक्यात आटोपलं. त्यांच्यानंतर मामा कुठल्याच शर्यतीला गेले नाहीत. लाल रंगाची शर्यतीची गाडी त्यांनी ताडपत्रीखाली झाकून ठेवली. दुकान माझ्या नवऱ्याकडे आलं. मामा शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचे. चालताना हात भिंतीला, टेबलाला लावून चालायचे. आम्ही म्हणायचो, गुडघे गेले. पेपर मात्र चष्म्याशिवाय वाचायचे, बारीक अक्षरातल्या जाहिरातींसकट.

मी तेव्हा विट्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात शाळेत शिकवत होते. सकाळची एसटी बंद झाली आणि माझी पंचाईत झाली. मामा म्हणाले, "मी सोडतो की." पुढची काही वर्षं त्यांनी मला सोडलं आणि आणलं. मधल्या वेळात ते घरी परत जायचे नाहीत, शाळेजवळच्या पारावर बसून राहायचे; तेवढंच पेट्रोल वाचतं, म्हणायचे. मुलीलाही त्याच गावच्या बालवाडीत घातलं होतं. ती पाण्याची बाटली गळ्यात अडकवून मागे बसायची, मी पुढे, मामांच्या शेजारी.

मामा रस्ताभर विचारत राहायचे. "ती म्हस कुणाची गं?" "त्या रानात काय केलंय औंदा?" "फुडं कोण चाललंय? वळकीचं हाय का?" मीही सांगत राहायचे. मला वाटायचं, माणूस एकटा पडलाय. आत्यांचा आवाज गाडीतून गेलाय, तो ते माझ्या बडबडीने भरून काढतायत. शाळेत बरोबरीच्या शिक्षिकांना मी हे कौतुकाने सांगितलंसुद्धा होतं. सासरा असावा तर असा, अशी सगळ्यांची मान हलली होती.

एकदा मला ताप होता. परीक्षा होती म्हणून जाणं भाग होतं. मी सीटवर डोकं टेकवलं आणि झोपून गेले. जाग आली तेव्हा गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सरकत होती आणि शाळा भरून किती वेळ झाला होता कोण जाणे. मी वैतागून म्हणाले, "आवं मामा, आज काय बैलगाडी चालवताय का?" त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. थंडीचे दिवस होते. ते मी पाहिलं होतं आणि त्यावर काही विचार केला नव्हता.

मग माझी बदली आमच्याच गावच्या शाळेत झाली, नवऱ्याकडून मी थोडीफार गाडी शिकले आणि मामांचं गाडी चालवणं जवळजवळ थांबलं.

गेल्या हिवाळ्यात जुन्या गाड्या जपणारी काही हौशी मंडळी दुकानात आली. साताऱ्याच्या बाजूच्या एका घाटात ते जुन्या गाड्यांची दौड घेणार होते. शर्यत अशी नाही, एकेक गाडी सोडायची, वर पोचायचं, सत्कार घ्यायचा. रस्ता तेवढ्यापुरता बंद ठेवणार होते. मामांनी त्यांची लाल गाडी घेऊन यावं, मान त्यांचा, असं त्यांचं म्हणणं होतं. गाडी मुलगा चालवील, तुम्ही शेजारी बसा, असंही ते म्हणाले.

"गाडी मी चालवणार," मामा म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून, "शेजारी ही बसंल."

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "जा तू. आई गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागतायत."

मामांनी आत्यांचं हेल्मेट काढून पुसून ठेवलं होतं. मला ते घट्ट बसलं. घाटाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागलेली, वडापाव, चहा, दोन्ही बाजूंना मोबाइल उंच धरलेली माणसं. नवऱ्याने तिथवर गाडी आणली आणि मामांना जागा दिली. आमचा नंबर आला. एकाने झेंडा खाली केला. मामांनी गिअर टाकला. त्या वयातही हात असा सहज पडला की मला बरं वाटलं.

गाडी हलली आणि ते म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

"फुडं काय हाय, बाजूला काय हाय, ते बोल. थांबू नगं."

मला वाटलं, आत्यांची आठवण आली. माझे डोळे भरून आले. मी हसत म्हणाले, "लय लोकं आलीत मामा, तुम्हाला बघायला."

"कुटं? डावीकडं का उजवीकडं? रस्त्यात किती आत आलीत?"

त्या आवाजात आठवण नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते सरळ समोर बघत होते, मान जराही न हलवता.

"तुम्हाला दिसत नाहीत?"

"बाजूचं न्हाई दिसत. लय वर्सं झाली. वळण सांग."

मी आजवर पुष्कळदा घाबरले आहे. बाळंतपणात घाबरले आहे, पुराच्या पाण्यात शाळेच्या गच्चीवर मुलं घेऊन बसले होते तेव्हा घाबरले आहे. पण हे घाबरणं नव्हतं. हात मांडीवर होते आणि ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. गाडी पळत होती. वळण आलं होतं.

"उजवं," मी म्हणाले.

गाडी उजवीकडे वळली, अगदी रस्त्याच्या पोटातून, एक इंच इकडेतिकडे नाही.

"मंग?"

"सरळ. डावीकडं कठडा. कठड्यावर माणसं बसलीत. पुढं डावं वळण, लय आत जातंय."

हे शब्द माझे नव्हते. लग्नाच्या दिवशी पुढच्या सीटवरून ऐकलेले, त्यानंतर किती प्रवासांत ऐकलेले ते शब्द माझ्या तोंडातून एकामागून एक पडायला लागले, त्याच एकसुरी आवाजात. आणि मामा सुरेख गाडी चालवत होते. ते सगळ्यात भयंकर होतं. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय हात आहे म्हाताऱ्याचा.

तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर डावीकडून एक माणूस मोबाइल डोळ्यांसमोर धरून रस्त्यावर आला. पिवळाधमक शर्ट. तो आमचं शूटिंग घेत मागे मागे सरकत आमच्या डाव्या चाकासमोर येऊन उभा राहिला.

"थांबा," मी म्हणाले. शब्द पुरा व्हायच्या आत ब्रेक लागला होता. का, कशाला, त्यांनी विचारलं नाही. गाडी थांबली तेव्हा त्या माणसाचे गुडघे बोनेटपासून हातभर लांब होते. तो हसला, अंगठा वर केला आणि बाजूला झाला.

मामा समोर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "कोण हुतं?"

मी हात लांबवून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

अंगात फ्लुरोसंट जाकीट घातलेला एक तरुण शिट्टी वाजवत धावत आला. "काय झालं काका? गाडी बंद पडली?"

"गाडीला काय झालेलं न्हाई," मामा म्हणाले. "डायवरला दिसत न्हाई."

तरुण मोठ्याने हसला. त्याला ती मामांची गंमत वाटली. मामा हसले नाहीत, मीही नाही. मी खाली उतरले, वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले आणि दार उघडलं. म्हटलं, "उतरा. मी चालवते." मामा उतरले आणि बोनेटवर हात ठेवून, तो न उचलता, गाडीच्या कडेकडेने पलीकडे गेले. त्यांचं ते चालणं मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. खरं पाहिलं ते त्या क्षणी, पहिल्यांदा.

वरपर्यंत गाडी मी नेली, दुसऱ्या गिअरवर, कशीतरी. सासऱ्याला शेजारी बसवून सून जुनी गाडी चालवतेय म्हणून लोक टाळ्या वाजवत होते. मी रस्त्यावरून नजर काढली नाही.

वर सत्काराचा मांडव होता. मी गाडी त्याच्या अलीकडेच, झाडाखाली थांबवली. आम्ही दोघं कठड्यावर बसलो. खाली दरीत धुकं विरत होतं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच.

"मामा, माझी पोरगी मागं बसायची."

"व्हय."

"रोज बसायची. इतकी वर्षं."

"तू फुडं हुतीस की," ते म्हणाले.

अगदी साधेपणाने म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते पूर्ण उत्तर होतं. मी पुढे होते, मी सांगत होते, मग भिण्यासारखं काय होतं? मला त्यांना हलवून विचारावंसं वाटलं, की अहो, मी तुम्हाला म्हशी दाखवत होते, रस्ता दाखवत नव्हते. मला माहीतच नव्हतं. एखाद्या सकाळी मी रुसून गप्प बसले असते तर?

जणू ते ऐकूनच मामा म्हणाले, "एकदा तू झोपलीस. ताप हुता तुला. त्या दिवशी मी पार मेलो हुतो. गाडी थांबवावी तर तू इचारशील का थांबवली. मंग उसाच्या कडंकडंनं, पाल्याचा आवाज ऐकत नेली."

मी कठडा घट्ट धरला. तो घाम, ती थंडी, मागे बाटलीशी खेळत बसलेलं माझं मूल. सगळं परत समोर आलं आणि या वेळी मला ते दिसत होतं.

मग त्यांनी सांगितलं. माणमधल्या कोरड्या तलावात एका शर्यतीच्या वेळी मेंढरांचा कळप रस्त्यात घुसला. शेजारी बसलेला मिस्त्री ओरडला, तेव्हा मामांना मेंढरं दिसली, ती थेट चाकापुढे. त्यांनी कशीबशी गाडी वळवली. मेंढरू एकही मेलं नाही, पण मामांना कळलं की बांधावरच्या सगळ्या माणसांना दिसणारा कळप आपल्याला दिसला नव्हता. ते आत्यांना घेऊन सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. कडेपासून आत आत अंधार येत जाईल. औषध घाला, आणि गाडी चालवू नका.

"मग?"

"मंग काय. येताना यष्टीत तुजी आत्या म्हनली, बाजूचं मी सांगंन. आन् त्या दिवसापास्नं सांगाय लागली."

"आणि कुणाला सांगितलं नाही? पोराला पण?"

"आंधळ्याकडनं गाडी कोण घील?" मग म्हणाले, "आन् तिला बी लय आवडायचं. घाटात तिचा आवाज चढायचा न्हाई, पर पाय असा टाचंवर उचलायची. मला तेवढं दिसायचं न्हाई, कळायचं."

गावाने वर्षानुवर्षं जिला हसून घेतलं, ती बाई नवऱ्याची नजर होऊन बसली होती. मीही हसले होते. माझ्या मनात आत्यांविषयी काय दाटून आलं ते मी सांगू शकत नाही, कारण त्यात मायाही होती आणि भयंकर संतापही होता. तिने त्याला थांबवायला हवं होतं. सगळ्यात आधी तिने.

नवरा मागाहून एका जीपमधून वर आला होता; घाट उतरताना गाडी तो चालवत होता. मी त्याला अर्ध्या वाटेत सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि पाठ करून उभा राहिला. आम्ही वाट बघत राहिलो. मग परत येऊन बसला. घरी येईपर्यंत तो एकच वाक्य बोलला, तेही आरशातून वडिलांकडे बघत. "लायसन कसं काय रिन्यू झालं दर वेळी?"

"भिंतीवरची अक्षरं वाचाय लावत्यात," मामा म्हणाले. "मधलं मला सगळं दिसतं."

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने मिस्त्रीला विचारलं. मिस्त्रीही आता म्हातारा. चाकाखाली बसला होता. हातातला पाना न थांबवता म्हणाला, "मला ठावं हुतं." माझा नवरा तसाच उठून घरी आला, चपला पायात ठेवून सोप्यात, पुढच्या पडवीत, बसला आणि म्हणाला, "मिस्त्रीला माहीत होतं." नंतर दिवसभर तो अधूनमधून तेवढंच म्हणत राहिला.

आठवड्याने आम्ही मामांना सांगलीला नेलं. जुने डॉक्टर राहिले नव्हते. एक तरुण डॉक्टरीण होती. तिने मामांना एका यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवली आणि ठिपका चमकला की बटण दाबा म्हणून सांगितलं. मामा बराच वेळ बटण न दाबता बसून होते. बाहेर आलेला कागद तिने आमच्यापुढे ठेवला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं, काळी. मध्ये एक पांढरा ठिपका, जोंधळ्याच्या दाण्याएवढा.

"एवढंच दिसतं त्यांना," ती म्हणाली. "नळीतून बघितल्यासारखं. घरात एकटे फिरतात का हे? जिने वगैरे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने सांगितलं, "गाडी चालवायचे."

"कधीपर्यंत?"

"गेल्या आठवड्यापर्यंत."

डॉक्टरीण काही लिहीत होती, तिचं पेन थांबलं. ती मामांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. शेवटी तिने विचारलं, "औषध घालत होते ना?"

तेव्हा उरलेलं कळलं. आत्या होत्या तोवर दिवसातून तीनदा थेंब घालायच्या. पेट्रोलच्या वाफेने डोळे चुरचुरतात, असं आम्हाला सांगितलेलं. त्यांच्यानंतर मामांनी स्वतः घालून पाहिले, तर ते गालावर पडायचे. कुणाला घालायला सांगावं तर बाटली कसली म्हणून विचारलं असतं. म्हणून सोडून दिलं. ज्या वर्षांत ते मला शाळेत सोडत होते, त्या सगळ्या वर्षांत अंधार रोज थोडा आत सरकत होता.

"गेलं ते परत येणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "हा मधला ठिपका टिकवायचा. औषध चुकवायचं नाही."

मामांनी खिशातून लायसन काढून माझ्या नवऱ्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं नाही. मग मी घेतलं.

महिनाभर बाप-लेकात बोलणं नव्हतं. नवरा दुकानातून यायचा, जेवायचा, वर निघून जायचा. मीही मामांशी कामापुरतं बोलत होते. मुलगी आता मोठी आहे, तिला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग तिच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. मला वर्गात शिकवताना मध्येच ती सकाळ आठवायची, सरकणारी गाडी, उसाचा पाला काचेला घासत होता तो आवाज, आणि खडू हातात तसाच राहायचा. अजूनही राहतो. मला मामांची दया येते, पण दया आली की मागोमाग राग येतो. दोन्ही एकमेकांना संपवत नाहीत. एखाद्या माणसाने आपल्यावर इतका विश्वास टाकावा आणि आपल्याला पत्ता लागू देऊ नये, याला काय म्हणायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं होतं. दिवसातून तीनदा मी घालायचे, न बोलता. एका संध्याकाळी मला शाळेतून यायला उशीर झाला. सोप्यात पाय टाकला तर मामा खुर्चीत मान मागे टाकून बसले होते आणि माझा नवरा त्यांच्यावर वाकला होता. एका हातात बाटली, दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याने बापाची पापणी वर धरली होती. या घरात बाप-लेक एकमेकांना हात लावत नाहीत. सणाला पाया पडण्यापुरतंच. पहिला थेंब नाकावर पडला.

"झालं?" मामांनी विचारलं.

"नाही. हलू नका."

मामा हलले नाहीत. मी दारातच थांबले आणि त्याचा दुसरा थेंब नीट पडेपर्यंत आत गेले नाही.